राग बरोबर आहे, पत्ता चुकलाय

मावशी, नमस्कार.

मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. वय 38. माझा प्रश्न नवऱ्याचा, सासूचा किंवा मुलाच्या दहावीचा नाही, त्यामुळे तुम्ही हसाल. मी एक इंग्रजी कादंबरी वाचतेय, आजच्या काळातली प्रेमकथा. समुद्रकाठचं गाव, आजीचं पुस्तकांचं दुकान सांभाळायला आलेली नायिका आणि शेजारी होड्या दुरुस्त करणारा तो. पुस्तक मला प्रचंड आवडलंय. पण ही बाई! मनातलं एक अक्षर बोलेल तर शपथ. लंडनच्या नोकरीचं पत्र आलं, ते लपवलं. त्याने "राहशील ना इथे?" विचारलं, तर ही दुकानाच्या गळक्या छपराबद्दल बोलायला लागली. आता तर तो स्टेशनवर एका बाईला मिठी मारताना दिसला, तर काही न विचारता बॅग भरून चालती झाली. ती त्याची बहीण आहे हे मला, कंपनीच्या बसमध्ये पेंगत वाचणारीला, कळलं. हिला नाही! 352 पैकी 261व्या पानावर पुस्तक मिटलं, ते आठ दिवस उघडलेलं नाही. तो बिचारा सगळं मनात ठेवतो. त्याचं यार्ड गहाण पडलंय, तेसुद्धा तिला त्रास नको म्हणून बोलत नाही. आणि ही...

आमच्या वाचनकट्ट्यावर हे बोलले, तर एक मैत्रीण म्हणाली, "एवढी शिकलेली तू, अन् हे काय वाचतेस?" नायिकाच डोक्यात जात असेल तर पुस्तक आवडलं म्हणणं खोटं का? पूर्ण करू की सोडून देऊ?

ता. क. ती त्याच्यासाठी चहाच्या कपाचा कान फिरवून ठेवते, ते पान मात्र मी चारदा वाचलं.

– पान 261, इंदिरानगर

*

अगं 261,

हसले खरी, पण तू म्हणतेस त्या कारणाने नाही. नवऱ्यांची आणि सासवांची पत्रं माझ्याकडे ढिगाने येतात, आणि त्यातल्या निम्म्यांत रडगाणं हेच असतं की घरातलं माणूस बोलत नाही. तुझं न बोलणारं माणूस कागदावरचं आहे, एवढाच काय तो फरक. उलट तुझी सोय जास्त. तुला ते मिटून उशाखाली ठेवता येतं.

तुझं पत्र आलं तसं सुनेला सांगून ते पुस्तक तिच्या किंडलवर घेतलं आणि दोन रात्रींत संपवलं. कृषीनगरच्या ट्रॅकवर दोन दिवस माझी एकेकच फेरी झाली, ते पाप तुझ्या माथी. पुस्तकाचं नाव इथे देत नाही, कारण पुढे मी त्याची बरीच चिरफाड करणार आहे.

आधी तुझ्या ता. क. कडे येते. अख्खं पत्र त्या बाईच्या नावाने बोटं मोडण्यात गेलं आणि खरी गोष्ट तू शेवटी, जाता जाता लिहिलीस. ग्रंथपाल होते मी, एका शाळेत 31 वर्षं. मुली पुस्तक परत करताना "बोअर आहे बाई" म्हणायच्या आणि दुसरा भाग कधी येणार ते दारातून विचारायच्या. तेव्हापासून मी दारातलं वाक्य जास्त धरते.

तर ते कपाचं पान, 118. पुन्हा काढून बघ. सकाळी दोघांचं वाजलंय. तो खिडकीची चौकट बसवायला आलाय, ही त्याच्याशी बोलत नाही. चहा मात्र दोन कप करते. तो टेबलाच्या पलीकडे बसलाय. ती त्याचा कप ठेवते, हात मागे घेता घेता थांबते आणि दोन बोटांनी कप फिरवते, कान त्याच्या डाव्या हाताशी येईल असा. तो डावखुरा आहे हे त्या पानापर्यंत कुणीच सांगितलेलं नाही. तिनेच कधीतरी बघून ठेवलंय. बरं, पुस्तक तिच्याच तोंडून आहे, तरी त्यावर एक शब्द खर्च करत नाही. कप फिरवला, आणि पुढचं वाक्य पावसावर.

आता सांग, ही बाई घडाघडा बोलणारी असती तर तो कप फिरला असता का? "सॉरी हं, सकाळी जरा चिडले, आणि तू डावखुरा आहेस ना, म्हणून कप असा ठेवला" असं म्हणून मोकळी झाली असती. आणि तू ते पान एकदाच वाचलं असतंस. तुला वैताग आणणारी तिची गप्प राहण्याची खोड आणि तुला चारदा मागे नेणारी ती दोन बोटं ही दोन्ही एकाच बाईची आहेत. तोंडाने जे येत नाही ते हिच्या हातातून येतं. तुला कप हवा असेल तर गप्पपणा पदरात घ्यावा लागेल. म्हणून नायिका डोक्यात जाते आणि पुस्तक आवडतं, हे म्हणणं मुळीच खोटं नाही. तुला तीही आवडतेच, फक्त तिच्याबरोबर एका घरात राहायला आवडणार नाही. माझ्या नणंदेबद्दल माझंही हेच मत आहे.

पण याचा अर्थ तुझा राग फुकटचा असा नाही. तो थोडा निवडून घेऊ, मेथी निवडतो तसा.

नोकरीचं पत्र लपवलं आणि "राहशील ना?" ऐकल्यावर छपराकडे पळाली, ही दोन पळणी मी तिला माफ करते. 40व्या पानाच्या आसपास तिच्या आईबद्दल आहे बघ. दर दोन वर्षांनी गाव बदलणारी बाई. "राहणार ना आपण इथे?" असं पोरीने विचारलं की आई "हो" म्हणायची, आणि पंधरा दिवसांत ट्रंका बाहेर निघायच्या. अशा मुलीला "राहशील ना?" हा प्रश्न प्रेमाचा वाटेल कसा? ती छपराकडे पळते, कारण छप्पर दुरुस्त करता येतं. चूकच आहे तिची, पण ती तिची स्वतःची चूक आहे, घरून आणलेली.

स्टेशनचं मात्र मी माफ करणार नाही, आणि इथे तुझ्याशी शंभर टक्के सहमत. गंमत बघ. स्टेशनवरची ती बाई त्याच्या खांद्यावरची पिशवी डाव्या हाताने ओढून घेते, असं आपल्याला सांगते कोण? हीच! म्हणजे हिने ते पाहिलं, आपल्याला सांगितलं, आणि हिलाच कळलं नाही. कपाचा कान कुठे हवा हे ओळखणारी बाई अचानक आंधळी कशी झाली? झाली नाही, केली. पाऊणेक पुस्तक झालं की दोघांची ताटातूट करायची, हा या जातीच्या कादंबऱ्यांचा जुना बेत. 352 पैकी 261, गणित कर, तुझं शिक्षण त्यातच झालंय. लेखिकेला ताटातूट हवी होती, सबळ कारण सापडेना, मग तिने नायिकेच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

कुठल्याही पुस्तकात मी स्वतःला हेच विचारते: ही चुकतेय, की हिला चुकवलं जातंय? चुकणाऱ्या बाईवर चिडताना कुठेतरी जीव गुंतत जातो. चुकवलेल्या बाईवर चिडलं की नुसता वेळ गेल्यासारखा वाटतो. आपण चपला घालून दारात उभे आणि ही अजून आरशासमोर केस विंचरतेय, अशी ती चिडचिड. 261व्या पानावर तुझं तेच झालं. राग बरोबर आहे, पत्ता तेवढा चुकलाय. तो त्या पोरीच्या नाही, लेखिकेच्या घरी पाठव.

आणि मुद्दाम चुकणारी नायिका काही विलायतेहून आलेली नाही. आपल्या 'संगीत मानापमान'मधली भामिनी आठव. 1911 सालचं नाटक. धैर्यधर गरीब आहे एवढ्यावरून त्याला नाकारते, अपमान करते, आणि पुढे वनमाला बनून त्याच्याच छावणीत जाते. कसली हट्टी, कसली पैशाची घमेंड! पण भामिनी म्हणून बालगंधर्व उभे राहिले आणि महाराष्ट्र वेडा झाला. ती गुणी होती म्हणून नव्हे. खाडिलकरांना पक्कं ठाऊक होतं की ही चुकतेय, आणि वेष बदलायला लावून त्यांनी तिला तिची चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघायला पाठवलं. पट्टी बांधली नाही, असली तर काढली.

त्याच्याही मागे जायचं तर आपल्या गावाच्या वेशीवरच थांबू. पांडवलेणीत ज्या सातवाहनांचे शिलालेख आहेत, त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, आणि त्यांत आपली गोदावरी कितीदा तरी वाहते. स. आ. जोगळेकरांनी संपादलेली 1956ची जाडजूड प्रत तुला कुठे मिळाली तर हातात घेऊन बघच. 1840 पासून चाललेलं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे, तिथे विचार. तर या गाथांमधल्या बायका सतत रुसलेल्या. त्या रुसण्याला शब्दच 'मान'. आणि रुसलेलीच्या शेजारी कुणीतरी एक शहाणी बसलेली असते, तिचे कान उपटायला. एका गाथेत ती म्हणते ते साधारण असं: तारुण्य नदीच्या पुरासारखं, दिवस निघून चाललेत, गेलेल्या रात्री परत फिरत नाहीत, पोरी, हा जळला मान घेऊन काय करायचंय? 'जळला' हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. मुळात 'दड्ढ' आहे, म्हणजे दग्ध, जळलेला. आपल्या आज्या "जळलं मेलं ते लक्षण" म्हणायच्या तोच जळला.

ही गाथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपल्या गोदाकाठचा दुतोंड्या मारुती दिसला. ऑगस्टात पाणी त्याच्या छातीला लागलं म्हणून आपण छत्र्या घेऊन बघायला धावतो, आणि चार दिवसांनी जावं तर त्याच्या पायाशी चिखल वाळत पडलेला असतो, भेळवाला परत आलेला असतो. नाशिकच्या माणसाला तारुण्याचं आणखी काय समजावून सांगायचं?

आता माझं खरं म्हणणं. तू ते पुस्तक चुकीच्या पाटावर बसून वाचतेयस. नायिका "मी, मी" करत गोष्ट सांगते, म्हणून तू तिच्या जागी जाऊन बसलीस. मग तिचा प्रत्येक मूर्खपणा तुला आपल्या हातून घडल्यासारखा लागतो. स्टेशनवरून बॅग भरून निघाली ती, आणि लाजलीस तू! ऊठ तिथून. तिच्या शेजारी त्या शहाणीचा पाट रिकामाच आहे, तिथे बस. सखी हो तिची. सखीला नायिका आवडावीच लागते असं कुठे आहे? सखीने तिला ओळखायचं, तिला शिव्या द्यायच्या आणि रात्री निघून मात्र जायचं नाही.

माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगते. कपाटात एक मराठी प्रेमकथा होती, मुलींच्या हातून हाताळून पार मऊ पडलेली. परत आलेली पुस्तकं चाळून पेन्सिलीचे शेरे खोडायचे, हे माझं काम. खोडरबर ड्रॉवरमध्येच असायचं. एकदा त्या पुस्तकात, नायिका त्याचं पत्र न फोडता परत पाठवते त्या पानावर, समासात कुणीतरी दाबून लिहिलेलं, "मूर्ख आहेस तू!!" त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, "गप गं, तिचं बरोबर आहे." आणि खाली तिसरीचं, बारीक, तिरकं अक्षर, "फोडलं असतं तर पुढची 80 पानं वाचली असती का आपण?" तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या तीन पोरी, बहुधा एकमेकींना कधी न भेटलेल्या. बाकीच्या पुस्तकांतले शेरे मी इमानाने खोडले. ते पान तेवढं राहून गेलं, असं म्हणू.

म्हणून तुला घरचं औषध देते. पुस्तक छापील आहे ना तुझं, आणि स्वतःचं? मग एक पेन्सिल घे. बसमध्येच. जिथे ती डोक्यात जाईल तिथे समासात लिही, मनापासून लिही, तुझ्या भाषेत लिही. "अगं विचार ना मेले!" इंग्रजी ओळींच्या शेजारी हे देवनागरीत काय शोभतं म्हणून सांगू. संध्याकाळी मालिका बघताना माझी आई टीव्हीला जे बोलायची ते ऐकून वाटायचं, ही बंद का करत नाही? बंद कशाला करेल! अर्धी करमणूक त्या बोलण्यातच होती. वाचताना मात्र आपल्याला कुणीतरी गप्प बसायला शिकवलंय. बहुतेक ग्रंथपालांनीच.

आता जरा कान धरते, तुझा. तू लिहिलंयस, तो बिचारा यार्ड गहाण पडल्याचं "मनात ठेवतो" आणि ती नोकरीचं पत्र "लपवते". परत वाच स्वतःचं वाक्य. मी पानं मोजली. त्याचं मनात ठेवणं 94 पानं चालतं, तिचं लपवणं 60. तो गप्प राहिला की खोल माणूस, ती गप्प राहिली की घुमी? हा हिशेब तू अंबडच्या ऑफिसात मांडलास तर ऑडिटवाले उभे करतील. दोष तुझा एकटीचा नाही. तो आपल्याला फक्त बाहेरून दिसतो. होडी घासणारे हात, भुवई, पावसात भिजलेला शर्ट. त्याच्या डोक्यात काय गोंधळ चाललाय ते ऐकायला मिळतच नाही. तिच्या डोक्यात मात्र आपण मुक्कामाला. आतून पाहिलं तर कुठलं माणूस समजूतदार दिसतं? एकाआड एक प्रकरण त्याच्या तोंडून असलेल्या कादंबऱ्या हल्ली पुष्कळ निघतात, तशी ही असती तर तू त्याच्यावरही तेवढीच भडकली असतीस. शेवटची 91 पानं वाचताना त्यालाही समासात दोन शेरे मार.

मैत्रिणीचं काय करायचं? फार काही नाही. "एवढी शिकलेली" हा टोला मला नवा नाही. प्रेमकथा न्यायला आलेल्या बाया माझ्या टेबलावर ते पुस्तक पालथं ठेवायच्या आणि वर एक पाककृतींचं. खुनाची पुस्तकं मात्र उजव्या बाजूने, ताठ मानेने. खून वाचणाऱ्याला कुणी विचारत नाही, एवढा शिकलेला तू, अन् माणसं मारायची कशी ते वाचतोस? कट्ट्यावर पुढच्या वेळी वाद घालू नकोस. 118वं पान फक्त वाचून दाखव, मराठीत सांगत सांगत. मग विचार, तुमच्या घरात कपाचा कान कोण फिरवतं? पुढचा अर्धा तास तुला काही बोलावं लागणार नाही.

पूर्ण करू की सोडू, ते राहिलंच. पूर्ण कर. सोडायची पुस्तकं मी डोळे झाकून सोडते, 50 पानं हा माझा नियम, आणि या वयात तर 30वरच आणलाय. पण चारदा वाचलेलं एक पान ज्यात आहे ते पुस्तक सोडायचं नसतं. 261 ते 290 भरभर उलट, ती पानं तशीही लंडनच्या पावसाची आहेत आणि तो पाऊस काही खास नाही. शेवट गोड आहे, हे सांगितल्याने तुझं काही बिघडत नाही. या कादंबऱ्या तो शब्द देऊनच सुरू होतात, आणि मी तर दर वेळी शेवटचं पान आधी वाचते. बहिणीचा उलगडा अगदीच मिळमिळीत झालाय, तिथे पेन्सिल टोकदार ठेव.

आणि 348व्या पानावर पुन्हा चहा आहे. या वेळी करणारा तो आहे.

– तुझी मावशी